एअर रायफलच्या दस्त्याला घरी रंग द्यायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) स्पर्धांसाठी मुलीला एक जुनी ०.१७७ इंच (४.५ मिमी) बोअरची, ब्रेक बॅरल (नळी खाली मोडून भरायची), स्प्रिंगची एअर रायफल घेतली आहे. दस्ता बीच लाकडाचा आहे, पॉलिश जागोजागी उडालंय, ट्रिगरच्या वरच्या भागात तेलाचे काळपट डाग आहेत. मुलीला दस्ता निळा हवा आहे. घरी स्प्रे मारला तर चालेल का, आणि त्याने नेमावर काही परिणाम होईल का?

चालेल. नेमावर परिणाम होऊ शकतो, पण त्याचा रंगाच्या छटेशी काही संबंध नाही. जिथे रंग जायला नको तिथे तो गेला की रायफल बिघडल्यासारखी वागायला लागते. आणि रंग टिकेल की चार महिन्यांत पापुद्रे सुटतील, हे स्प्रेचा डबा हातात घेण्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं. म्हणून रंगाबद्दल मी कमी लिहितो आहे आणि त्याच्या खालच्या कामाबद्दल जास्त.

आधी कायद्याचं दोन ओळीत. ४.५ मिमी बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही, तेव्हा तिचा दस्ता घरी रंगवायला अडचण नाही. घरात परवान्याची बंदूक असेल तर मात्र हे घरी करू नका; ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच द्यायचं. आणि रायफल कोणतीही असो, अनुक्रमांक आणि कंपनीचे ठसे घासू नका, रंगाने बुजवूही नका.

आता खरा पहिला प्रश्न: हा दस्ता रंगवावा का? दस्ता अक्रोडाचा किंवा चांगल्या शिसवाचा असता तर मी रंगवू नका म्हणालो असतो, आणि आग्रहाने म्हणालो असतो. त्या लाकडाच्या रेषा हीच त्याची शोभा असते. एकदा रंग छिद्रांत शिरला की तो पूर्ण निघत नाही, आणि निघेपर्यंत घासायचं तर दस्त्याची घडण बदलते. आजोबांची जुनी बीएसए (ब्रिटिश कंपनीची रायफल) कोणी घरी काळी केलेली पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. अशा दस्त्याला जुनं पॉलिश काढून जवसाच्या डबल बॉइल्ड तेलाचे पातळ हात पुरतात. बीचचं तसं नाही. हे लाकूड फिकट, बारीक छिद्रांचं, रेषांनी फारसं न नटलेलं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या रायफलींत त्याला बहुधा तपकिरी डाग देऊन अक्रोडासारखं दाखवलेलं असतं. रंगासाठी याच्याइतकं सोयीचं लाकूड नाही. तुमच्या मुलीने निळा निवडला तर खुशाल निळा द्या.

खोलण्याआधी एक काम करा. आहे त्या अवस्थेत, टेकू देऊन, दहा मीटरवरून पाच-पाच पेलेटचे (छोट्या गोळ्यांचे) दोन-तीन गट मारा आणि ते कार्ड तारीख घालून जपून ठेवा. शेवटी ते लागणार आहे.

खोलताना रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली (स्प्रिंग दाबून डागायला तयार) नाही हे बॅरल उघडून डोळ्यांनी बघा. बहुतेक ब्रेक बॅरलमध्ये पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन असतात. तेवढे काढले की धातूचा सगळा भाग एकसंध बाहेर येतो. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा ड्रायव्हर वापरा, नाहीतर पहिल्याच झटक्यात खाच खराब होते. वॉशर कुठल्या स्क्रूखाली होता आणि कुठल्या तोंडाने, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. धातूचा भाग अजिबात खोलू नका. सिलिंडरच्या आत स्प्रिंग आधीपासूनच दाबलेली असते आणि ती सुटली तर हात फुटू शकतो. दस्त्याबाहेर असताना रायफल कॉक करू नका आणि बॅरल उघडी असताना ट्रिगर दाबू नका. घरात लहान मूल असेल तर तो भाग कुलपात ठेवा, कारण हे काम एका दिवसाचं नाही.

मग जुना लेप कसला आहे ते ओळखायचं. बटप्लेटच्या (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाली, जिथे दिसणार नाही, तिथे डिनेचर्ड स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलाच कडक लेप, त्याला पेंट रिमूव्हरची जेल लागते. ती लावायची तर गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, हातमोजे घालून. बंद बाथरूममध्ये नाही. जेलने लेप फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने काढा, लोखंडी पट्टीने लाकडात चरे जातात. शेवटी थिनरने पुसून रिमूव्हरचा अंश घालवा. जुना लेप नुसता पॉलिश पेपर (सँडपेपर) मारून काढायच्या फंदात पडू नका. गोलाई आणि कडा कधी झिजल्या ते कळतही नाही.

तेलाच्या डागांसाठी मात्र वेळ द्या, कारण घरगुती रंगकाम इथेच सगळ्यात जास्त फसतं. स्प्रिंगच्या रायफलीत सिलिंडरचं आणि ट्रिगरचं तेल, ग्रीस वर्षानुवर्षं मागे झिरपतं आणि दस्त्याच्या खोबणीच्या (धातूचा भाग बसतो त्या खाचेच्या) मागच्या टोकाला, जिथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, तिथे शोषलं जातं. वरून लाकूड कोरडं दिसतं. त्यावर रंग दिला की आठवडाभर छान राहतो आणि पहिल्या कडक उन्हात आतलं तेल वर येऊन रंगाला ढकलतं. उपाय जुना आणि स्वस्त आहे. खडूची बारीक पूड घ्या, ती ॲसिटोनमध्ये किंवा थिनरमध्ये कालवून दाट लेप करा, डागावर जाडसर थापा आणि वाळू द्या. द्रव तेलाला पातळ करून वर आणतो आणि पूड ते शोषून घेते. वाळलेली पूड पिवळट दिसली तर तेल निघतंय. ब्रशने झाडा, पुन्हा थापा. पूड पांढरीच राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. जुन्या डागाला बरेच फेरे लागतात आणि यात घाई करणाऱ्याचं काम मी टिकलेलं पाहिलेलं नाही. ॲसिटोन आणि थिनर दोन्ही भडकणारे आहेत, त्यामुळे गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, पेटती उदबत्ती यांपासून लांब.

आधीच्या मालकाने सिलिकॉनचा स्प्रे वापरला असेल तर वेगळीच डोकेदुखी होते. सिलिकॉन थिनरने पसरतं, निघत नाही, आणि वरचा रंग ठिकठिकाणी मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. त्यावर लाखेचा हात हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

दबलेल्या जागा, म्हणजे खोचे, पेपरने सपाट करायच्या नाहीत. ओलं सुती फडकं चौपदरी करून खोच्यावर ठेवा आणि गरम इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर एवढ्याने भागत नाही, तिथे लांबी (पुट्टी) भरावी लागते. मनगटाच्या भागात, म्हणजे हाताची पकड येते तिथे, उभी चीर दिसली तर ती आधी उघडून, चांगलं इपॉक्सी आतपर्यंत घालून, शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरून जोडा. चीर रंगाखाली लपवली तर स्प्रिंगच्या धक्क्याने ती पुढे सरकत राहते आणि दस्ता दुभंगेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पेपर १२० पासून सुरू करा, १८०, २४०, शेवटी ३२०. नेहमी रेषेच्या दिशेने आणि सपाट भागावर रबराचा किंवा लाकडी ठोकळा पेपरच्या आत धरून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाली नाल्या पडतात. बटप्लेट बसते त्या टोकाच्या आणि खोबणीच्या कडा गोल होऊ देऊ नका. २४० नंतर ओल्या फडक्याने दस्ता एकदा पुसा. वाळल्यावर बारीक लव उभी राहते, ती ३२० ने हलकेच काढा. ही पायरी गाळली तर रंगाच्या पहिल्याच हाताखाली पृष्ठभाग खरखरीत होतो. पकडीवर चौकटीची नक्षी कोरलेली असेल तर तिथे पेपर नको. जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने साफ करा. मास्क घाला. बीचची पूड त्रासदायक असतेच, शिसवाच्या पुडीने तर काहींच्या अंगावर पुरळ येतं.

आता नेमाचा मुद्दा. रायफलीचा धातू दस्त्याच्या खोबणीत लाकडावर टेकलेला असतो आणि स्क्रूंनी आवळलेला असतो. प्रत्येक शॉटला त्याने त्याच जागी, तसंच बसायला हवं. खोबणीत रंगाचे दोन-तीन थर चढले तर धातू रंगावर तरंगतो. स्क्रू घट्ट केले तरी वॉशरखालचा रंग स्प्रिंगच्या धक्क्यांनी हळूहळू चिरडत जातो, स्क्रू सैल होतात, तुम्ही पुन्हा आवळता, रंग पुन्हा चिरडतो. मुलगी म्हणते, आज गोळ्या पसरतायत. प्रशिक्षक तिचा श्वास आणि ट्रिगर तपासत बसतात. दोष मात्र त्या वॉशरच्या छोट्याशा खाचेतल्या रंगाचा असतो. म्हणून खोबणी, दस्त्यातल्या स्क्रू-वॉशरच्या खाचा, ट्रिगर गार्डची बैठक आणि बटप्लेटची जागा हे सगळं मास्किंग टेपने नीट झाका. खोबणी उघडी लाकडाची ठेवायचीही नाही, नाहीतर पावसाळ्यात ती ओल पिते आणि पुन्हा तेल शोषते. टेप लावण्याआधी तिला लाखेचा एक पातळ हात द्या. त्याला जाडी नसते.

हे लाखेचं पॉलिश घरीच बनवा. १०० मिली डिनेचर्ड स्पिरिटमध्ये १२ ते १५ ग्रॅम लाखेच्या पापड्या काचेच्या बरणीत टाका, अधूनमधून हलवा, विरघळल्यावर काही दिवस हलवू नका. साध्या लाखेत मेण असतं, ते तळाशी गढूळ थर धरून बसतं. वरचं नितळ द्रावण अलगद ओतून तेवढंच वापरा, कारण मेणावर पुढचे लेप, विशेषतः पीयू, नीट धरत नाहीत. सुती फडक्याच्या पुडीने दोन हात द्या, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. उरलेलं तेल, तपकिरी डाग, सिलिकॉन या सगळ्यांना हा थर खालीच अडवतो. मेण काढलेल्या लाखेवर जवळपास कोणताही रंग बसतो. इतक्या कमी पैशात इतकं काम करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

बीचला यानंतर लांबी फारशी लागत नाही, फक्त तुटलेल्या जागा भरायच्या. शिसम किंवा सागाचा साधा दस्ता रंगवत असाल तर त्यांची छिद्रं मोठी असतात. सँडिंग सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) किंवा लांबी सगळीकडे ओढून ३२० ने साफ केल्याशिवाय रंगात बारीक रेघा दिसत राहतात. मग प्रायमर. राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात, वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने अगदी हलका हात. प्रायमर मारल्यावरच खरे दोष दिसतात. दिसले की तिथेच थांबून दुरुस्त करा. रंगाने ते झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात.

रंगाला साधा ॲक्रिलिक एरोसोल स्प्रे पुरतो. ४०० मिलीचा एक प्रायमर, एक रंग, एक क्लिअर (वरचा पारदर्शक लेप), असे तीन डबे एका दस्त्याला पुरतात. तिन्ही एकाच कंपनीचे घ्या, कारण वेगवेगळे थिनर एकमेकांखालचा लेप सुरकुतवतात. बटप्लेटच्या स्क्रूच्या भोकात हूक घालून दस्ता उभा टांगा. २५ ते ३० सेंमी अंतर, हात सतत सरकता, फवारा दस्त्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. झाकायची घाई केली की ओघळ येतात. तीन-चार विरळ हातांत रंग भरतो. शेवटच्या हातानंतर रंग अजून मऊ असतानाच मास्किंग टेप काढा. कडक झाल्यावर ओढली तर कडेचा रंग सोबत येतो.

हवामान बघूनच मुहूर्त काढा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि लॅकरवर दुधी धुकं चढतं. तुम्हाला पावसाळ्यातच करायचं असेल तर उघाडीचा दुपारचा वेळ धरा. मे महिन्यात विदर्भात, मराठवाड्यात उलटं होतं: फवारा दस्त्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा होतो. तिथे सकाळी लवकर, सावलीत काम करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे सगळ्यांत चांगला काळ.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणतो. गाड्यांना मारतात तो दोन डब्यांचा पीयू रंग, ज्यात हार्डनर मिसळतात, तो घरी फवारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. तेवढा कडक लेप हवाच असेल तर प्रायमरपर्यंत घरी करा आणि वरचं काम फवारणीची बंद खोली (बूथ) असलेल्या गाड्यांच्या रंगकाम करणाऱ्याकडून करून घ्या. टेप कुठे लावली आहे आणि का, ते त्याला दाखवून द्या.

क्लिअर मॅट घ्या. चकचकीत लेपावर घामेजलेला गाल चिकटतो आणि मुलगी प्रत्येक शॉटनंतर गाल उचलून पुन्हा टेकवते, तेव्हा ते जाणवतं. दाणेदार किंवा रबरासारखा पकड देणारा स्प्रे बाजारात मिळतो, तो मात्र टाळा. पुढे ती पीप साइटच्या (बारीक छिद्रातून नेम धरायच्या) १० मीटर प्रकारात गेली तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत दस्त्याच्या पुढच्या भागावर, पकडीवर आणि खालच्या भागावर पकड वाढवणारं साहित्य लावायला मनाई आहे. आतापासून गुळगुळीत दस्त्याची सवय बरी. त्या रायफली बऱ्याचदा हवेच्या सिलिंडरच्या असतात. सिलिंडर कधीच रंगवू नका, त्यावरची तारीख तपासणीत वाचता आली पाहिजे. लष्करी हिरवे ठिपके, कॅमोफ्लाज वगैरेही मी सुचवत नाही. आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार कायद्याने बंद आहे, त्यामुळे त्याचा उपयोग काही नाही, आणि रस्त्यात एखाद्याने ती रायफल पाहिली तर गैरसमज मात्र लगेच होतो. निळी रायफल खेळाचं साधन आहे हे लांबूनच कळतं.

वाळणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्रिलिक स्प्रे तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, साध्या ऑइल इनॅमलला त्याहून जास्त. या काळात दस्ता हवेशीर खोलीत टांगून ठेवा. लवकर फोमच्या केसमध्ये घातला तर फोमची जाळी रंगावर कायमची उमटते, कधी फोमच चिकटून बसतो. स्पर्धा जवळ आली असेल तर हे काम आत्ता काढूच नका. नंतरही डास घालवणारं डीट असलेलं मलम किंवा स्प्रे हाताला लावून रायफल धरू नये. डीट कित्येक रंग आणि प्लास्टिक मऊ करतं. सराव झाल्यावर गालाची आणि पकडीची जागा किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, एवढी निगा पुरते.

तेलाच्या फडक्यांबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण तुमच्यातलेच कोणी अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल लावायला जातील. तेल भिजलेला बोळा चुरगळून कचऱ्यात टाकला तर तेल हवेशी संयोग पावताना उष्णता साठते आणि बोळा आपोआप पेटतो. फडकी उलगडून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

जोडणीच्या वेळी स्क्रूच्या खाचांत रंगाचा थेंबही राहिलेला नाही ना, ते बघा. असेल तर चाकूच्या टोकाने खरवडा. वॉशर फोटोप्रमाणे बसवा. सगळे स्क्रू आधी हाताने टेकवा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एकेक थेंब चालतो, लाल नको. वीस-पंचवीस पेलेट मारून झाल्यावर स्क्रू पुन्हा तपासा. मग तेच पेलेट, तोच टेकू, तेच अंतर ठेवून गट मारा आणि सुरुवातीच्या कार्डाशेजारी ठेवा. गट तेवढाच लहान पण थोडा सरकलेला असेल तर साइट फिरवून मध्यावर आणा, काळजीचं काही नाही. गट मोठा झाला असेल तर साइटला हात लावू नका. स्क्रू काढून खोबणीत आणि वॉशरखाली रंग कुठे चेपलाय ते शोधा.